सत्तेचाळीसची बाटली

फ्रान्सच्या सोतेर्न गावातल्या तीनशे वर्षं जुन्या द्राक्षमळ्याचे मालक आन्सेल्म यांना स्वतःच्याच तळघरात जायची बंदी होती. मळ्याची सोनेरी, मधासारखी गोड वाइन जगभर जायची आणि शुगर नेमकी त्यांना! तळघराची किल्ली त्यांची लेक मायलिस स्वतःच्या खिशात ठेवायची. गेल्या नाताळात त्यांनी पाहुण्यांच्या पेल्यातून चोरून एक घोट घेतला, तर बाई आठवडाभर बोलली नव्हती.

मंगळवारी बोर्दोच्या दवाखान्यात तपासणी झाली. आन्सेल्म आत कपडे घालत होते, तोवर मायलिस बाहेर डॉक्टरांशी बोलून आली. परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "काय म्हणाला गं तो?"

"विशेष काही नाही बाबा."

"नवी गोळी दिली असेल आणखी एक."

"नाही. उलट होत्या त्यातल्या तीन बंद केल्या. साखर मोजायचीही गरज नाही म्हणाले."

"बघ! मी घसा फोडून सांगत होतो, ठणठणीत आहे मी. तुलाच भारी हौस, म्हाताऱ्याला उपाशी मारायची!"

नेहमीचं औषधांचं दुकान आलं, तरी मायलिसने गाडी थांबवली नाही.

घरी आल्यावर ती कोट न काढताच तळघरात उतरली. वर आली तेव्हा तिच्या हातात सत्तेचाळीस सालची बाटली होती. आन्सेल्म यांच्या जन्मवर्षाची, मळ्यात उरलेली शेवटची.

 

तिने त्यांच्यापुढे पेला ठेवला, काठोकाठ भरला आणि म्हणाली, "घ्या बाबा. एवढ्याने काय होतंय?"