चौथा कोपरा

भगवंत मिस्त्रीने दाबायच्या लाकडी पेचाच्या बुडाशी बोट घासले आणि जिभेला लावले. आंबट.

“खुशालराव, हा कापसाचा पेच नोहे.”

खुशालराव चमकला. अमेरिकेतली लढाई लांबून तिकडचा कापूस थांबल्यापासून वऱ्हाडी कापसाला कधी नव्हता एवढा भाव आला होता. गठ्ठे दाबण्यासाठी हा जुना पेच त्याने चांदूरच्या एका माळ्याकडून विकत घेऊन अकोल्याला आणवला होता.

“कायचा हाय मंग?”

“फळाचा. पट्ट्यांमंधल्या या फटी पाहा. रस गळाले ठेवल्या. कापूस यातून फुगून भाईर येईन. खाली पन्हळ हाय. लोखंडाचं कडं आंबटानं खाल्लं. लिंबं पिळली यानं.”

“त्या माळ्यानं माह्या गळ्यात मारला! रेल्वेच्या कामावरल्या लोकाइले रस विकते तो. ढिला झाला म्हणून काढला असन.”

भगवंत पेचाभोवती फिरत राहिला. कोणतीही वस्तू पारखताना तो क्रम सोडत नसे. मळसूत्र पाहून झाले. आता सांगाड्याच्या खुंट्या. एकूण बारा. अकरा गोल होत्या; अंगठ्याने दाबताच हलल्या. बारावी हलली नाही. तो वाकला. तिचे लाकूड अजून पिवळे होते, लिंबाच्या रसाने काळवंडलेले नव्हते. तिला सात पैलू होते.

चौकोनी काडीचे चारही कोपरे तासले की आठ पैलू होतात, मग ती गोल करायची. हे भगवंतने मुलाला, देवीदासला, शिकवले होते. देवीदास तीनच कोपरे तासायचा. “चौथा कोपरा भोकात रुतते, बा. खुंटी फिरत नाही.” एके दिवशी भगवंतने तसल्या खुंट्यांची टोपलीच चुलीत रिकामी केली. देवीदासने तासायचा वाकस खाली ठेवला. “तुमी बोलावसान तवाच येईन,” म्हणाला आणि गेला. कुठे, ते कळले नाही. त्याला चार वर्षे झाली. बाजारात खाट दिसो की बैलगाडीचे जू, भगवंत ते उलटे करून खुंट्या पाहत असे. लोक हसत.

“हे कोणं ठोकली?” त्याने विचारले. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

“रेल्वेवरचा कोणी सुतार हाय म्हणे. दर आठवड्याले रस न्याले येते माळ्याकडे. बेढबच केली बुवा. काढून टाका तिले.”

“राहू द्या. तेच एक पक्की हाय.” भगवंतने पिशवीतून बाभळीच्या काड्या काढल्या. “बाकीच्या अकरा मी बदलून देतो. पेच घट्ट झाला म्हणजे माळी हासत वापस घेईन.”

“मजुरी?”

“नको.”

तो दुपारभर तासत बसला. चाळीस वर्षांच्या सवयीने वाकस चौथ्या कोपऱ्याकडे जाई. तो हात आवरी.

उन्हे कलली तसा पेच गाडीत चढला. खुशालरावने विचारले, “माळ्याले काही निरोप?”

“नाही. पेच पोचला म्हणजे झालं.”

गाडी हलली. पेचाच्या बाराही खुंट्या घट्ट होत्या, आणि बाराही सात पैलूंच्या होत्या.