बरणीतली फुंकर

बुड्‌बुड्‌बुड्‌. जरा थांबून पुन्हा बुड्‌बुड्‌.

दुपारच्या शांततेत तिला त्या आवाजानं जाग आली. बाळ कुशीत झोपलेलं. वर पंखा थांबलेला, म्हणजे वीज गेलेली. मग बरणीत हवा सोडणारा पंप कसा चालतोय?

ती तशीच उठून स्वयंपाकघरात गेली. खिडकीतल्या उन्हात हिरव्या पाण्याची बरणी होती, आणि स्टुलावर उभी राहून तिची सहा वर्षांची लेक स्ट्रॉनं बरणीत फुंकत होती. गाल फुगलेले, कान लालेलाल. कापसाचं बूच ओट्यावर पडलेलं.

"अगं, हे काय केलंस?"

"बुडबुडे थांबले होते." लेकीला धाप लागली होती. "ते थांबले की हे खाली बसतं आणि मरतं. तूच म्हणतेस ना? मोठा काटा खाली होता तेव्हापासून फुंकतेय."

घड्याळाचा मोठा काटा आता वर बारावर होता.

तिनं ओट्यावरचं बूच उचललं. कारखान्यात धुरांड्याचा धूर पिऊन वाढणारं सगळं शेवाळ गेल्या आठवड्यात बारीक किड्यांनी फस्त केलं होतं. ते वाढवायच्या काचेच्या नळ्या धुऊन रिकाम्या ठेवल्या होत्या. त्या जातीचं उरलं होतं ते एवढंच, तिनं खबरदारी म्हणून घरी आणलेलं. कारखान्यात सगळे त्याला विरजण म्हणत. चार वाजता कारखान्यातल्या नळ्या सांभाळणारे काका ते न्यायला येणार होते. आणि या कामातला पहिला धडा एकच: विरजणाला तोंड लागू द्यायचं नाही.

बूच लावून गप्प बसावं, असं क्षणभर वाटलं. मग तिनं काकांना फोन करून सगळं सांगितलं.

"तोंड लागलं?" काकांनी विचारलं. "किती वेळ फुंकत होती?"

"अर्धा तास."

"अर्धा तास! आपला पंप एवढा मन लावून चालला असता तर काय हवं होतं. पोरीला रागावू नकोस. एक थेंब बघ आणि सांग."

लेकीच्या खेळण्यातला सूक्ष्मदर्शक खिडकीशी आला.

"वळवळणारं काही नाही, काका."

"मग येतो. अर्धं नळ्यांत सोडू, अर्धं राखू. तोंडाचे जंतू धरतात का, ते चार दिवसांत कळेल."

फोन ठेवून तिनं पुन्हा डोळा लावला. एक हिरवा कण इतरांपेक्षा टपोरा होता. त्याच्या पोटात चार. बघता बघता वरची साल उकलली आणि चौघं अलगद सुटे झाले. हजारदा पाहिलं होतं तिनं हे. तरी हात जागच्या जागी राहिला.

"मला, मला." लेक पुढे घुसली. एक डोळा गच्च मिटला. "माझी फुंकर कुठंय यात?"

"खाल्ली त्यांनी. आपण सोडलेली हवा घेतात, ऊन घेतात, आणि त्याचं अंग करतात. तुझ्यातलं इवलंसं आता त्यांच्या अंगात आहे."

"खरंच?"

"खरंच."

लेक भिंगाला आणखी चिकटली. मग भिंगावरचा डोळा न काढता, त्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात तिनं विचारलं,

"मग आई, हे चौघं माझे कोण लागतात?"