सात फेरे

“ती खुर्ची उचला आधी,” बुरख्याआडून तिर्झा म्हणाली.

मांडवातल्या सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. खुर्ची नवऱ्या मुलाच्या, एलखानानच्या आईनं, ब्लूमानं ठेवली होती. नवरीनं नवऱ्याभोवती सात फेरे घालायचे, ही यरुशलेमच्या त्या ज्यू आळीची जुनी रीत. पण तिर्झाचा उजवा पाय लहानपणापासून अधू होता आणि अंगणातली फरशी सगळी उंचसखल. नवरीला बसवून सरळ प्रार्थनांना सुरुवात करावी, असं ब्लूमानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

“अगं, दोनशे माणसं जमलीत,” ब्लूमा दबक्या आवाजात म्हणाली. “पडलीस तर जन्मभर आळी हेच सांगत बसेल. माझ्या लेकाचं हसं होईल.”

“नाही पडणार.”

“आणि पडलीस म्हणजे?”

“तर बसेन खुर्चीत. मग तुम्ही म्हणाल तिथंच बसून राहीन, घरातसुद्धा.”

आई हे बोलणं धरून ठेवणार, हे एलखानानला पक्कं ठाऊक होतं. या लग्नाला तिनं वर्षभर नन्नाचा पाढा लावला होता. आमच्या बेकरीत पहाटेपासून उभं राहावं लागतं, ही काय कामाची, असं ती अख्ख्या आळीला सांगून बसली होती.

लग्न लावायला आलेले म्हातारे धर्मगुरू, रब्बी अन्शेल खोकले. “ब्लूमा, फिरू दे तिला. पवित्र ग्रंथात संदेष्ट्यानं म्हटलंय, स्त्री गेवेरभोवती फिरेल. आपल्या इब्रीत माणसाला शब्दांचा काय तोटा? पण त्यानं नेमका हाच शब्द निवडला. गेवेर म्हणजे नुसता बाप्या नव्हे. ज्याच्यात बळ आहे, जो झुंजून वरचढ ठरतो, तो गेवेर.”

“मग आमचा एलखानानच की!” बेकरीतला एक गडी मागून ओरडला. “दोन दोन पोती पाठीवर घेतो!”

हशा पिकला. एलखानान मात्र हसला नाही. पांढऱ्या झग्यात तो मधोमध ताठ उभा होता आणि रीतीप्रमाणे त्याला जागचं हलायचं नव्हतं. आपली बायको डोळ्यांदेखत पडली तर या दोन पोत्यांच्या बळाचा काय उपयोग, या विचारानं त्याला स्वतःचीच चीड आली.

तिर्झाला धरून फिरवायला आई नव्हती. त्यामुळे तिच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताला ब्लूमा. ब्लूमाच्या मोकळ्या हातात मेणबत्ती. दोघी निघाल्या.

पहिला फेरा. काठी टकटक वाजत गेली. दुसरा. तिसऱ्या फेऱ्यात एलखानानच्या पाठीमागे काहीतरी घसरलं, बायका “अगं बाई गं!” म्हणून किंचाळल्या. मान वळवायची नाही म्हणून त्यानं डोळे गच्च मिटले. देवा, एवढी आजची लाज राख!

टक.

काठी पुन्हा वाजली. त्यानं डोळे उघडले. दोघी समोरून येत होत्या, आता खूपच सावकाश, एकमेकींना घट्ट चिकटून. आईचा चेहरा लालबुंद होता आणि कपाळावर घाम आला होता. म्हणजे आईनंच सावरलं तर! वर्षभर टोमणे मारले, पण ऐनवेळी आईच धावून आली. त्याला भरून आलं.

चौथा. पाचवा. लोक आता मोठ्यानं फेरे मोजत होते. सहावा तर संपता संपेना. काठी फरशीच्या फटीत अडकली, निघाली, पुन्हा टेकली. सातव्याला अख्खं अंगण उभं राहिलं. तिर्झा एलखानानच्या उजव्या हाताला येऊन थांबली, तेव्हा टाळ्यांनी मांडवाचं कापड हललं.

“शाबास, ब्लूमा!” रब्बी डोळे पुसत म्हणाले. “काय सांभाळून आणलंस सुनेला! सासू असावी तर अशी!”

बायकांनी माना डोलावल्या. तिर्झानंही बुरख्याआडून मान डोलावली. ब्लूमानं धापा टाकत इकडेतिकडे पाहिलं, कुणीतरी लगबगीनं पुढे केलेली ती खुर्ची ओढली आणि स्वतःच तीत धपकन बसली.

“कुणी कुणाला आणलं?” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली. “तिसऱ्या फेऱ्याला पाय घसरला तो माझा. मेले हे गुडघे! मी पडलेच होते. हिनं मला काखेत हात घालून धरलं आणि कानात म्हणाली, ‘आई, सगळा भार माझ्यावर टाका, लोकांना वाटू दे तुम्हीच मला धरलंय.’”