साठ मिली

"नुसता इकोच्या पडद्यावरचा रंग पाहिलात आणि 'गळती किरकोळ' लिहून मोकळे झालात, साहेब," प्लंबर मोठ्या डॉक्टरांना म्हणाला. एकच जिना चढताना तो दोनदा थांबला होता, पण हातातल्या कागदी पेल्यातलं पाणी हिंदकळलं नव्हतं. खाली इको काढणाऱ्या मुलीने त्याला डाव्या कुशीवर वळवून, श्वास रोखायला लावून, हृदयाच्या झडपेची गळती तीनदा मोजली होती. "काका, धार भिंतीला चिकटून वाहतेय, म्हणून कमी दिसते. दर ठोक्याला साठ मिली रक्त उलटं फिरतंय." "पोरी, जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आलोय. साठ मिली म्हणजे किती गं?" तिने सिरिंजने मोजून पाणी पेल्यात ओतलं. इतका पक्का हात त्याने धंद्यातही पाहिला नव्हता. तोच पेला त्याने साहेबांपुढे ठेवला. "पोरीने मोजलं. आता तुम्ही बोला, ऑपरेशन करणार की हेही किरकोळच म्हणणार?"