गाळून उरलेले एकोणीस

"संध्याकाळपर्यंत निलंबनाचा कागद वर जायला हवा," रक्षा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. "तुम्ही फक्त नाव पक्कं करून द्या."

मयंकने लॅपटॉप उघडला. फोनच्या नोंदी तपासायला खात्याने त्याला नंदुरबारच्या या कार्यालयात नेमलं होतं. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर रक्षाचा ड्रायव्हर नारसिंग बसला होता. कागदावर कोणाचं नाव पडणार, हे त्याला न सांगताही कळलं होतं.

धडगाव-मोलगीकडच्या काही आश्रमशाळांत मुलांच्या ताटात डाळीच्या नावाखाली पिवळं पाणी पडतं, अशा तक्रारी होत्या. या शाळांची अधिकारी म्हणून रक्षा अचानक तपासणीला जाई आणि दर वेळी तिथे घट्ट वरण, दोन भाज्या, वर केळं. चौदा वेळा हेच. शेवटच्या खेपेला एका मुलीने हळूच विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही परत कधी येणार?" रक्षाला ते फार लागलं होतं.

बातमी फुटत होती, यात शंकाच नव्हती. कुठल्या गावाला जायचं, हे ती कार्यालयात कोणाला सांगत नसे. नारसिंगलाही गाडी घाटाला लागल्यावरच कळे. पण तपासणीआधी ती त्याच गावातल्या ओळखीच्या घरी चार घास खाऊन घेई, तेवढ्यात हा पठ्ठ्या बाहेर फोन कानाला लावून उभा. ती दिसली की लगेच फोन खिशात.

सकाळीच तिने त्याला तोंडावर विचारलं होतं.

"मॅडम, मन्ही चूक काय शे ते तरी सांगा," एवढंच तो म्हणाला आणि खाली बघत राहिला. कसा साळसूदपणाचा आव आणतोय, असं तिला वाटलं.

"जिल्ह्यातले नऊ लाख नंबर घेतले," मयंक सांगू लागला. "तुमच्या चौदा तपासण्यांच्या दिवशी कोणी कोणाला फोन केला, तेवढे धागे जोडले. मग ज्याचे धागे सगळ्यांत कमी, तो नंबर गाळायचा. उरलेल्यांत पुन्हा मोजायचं, पुन्हा गाळायचं. शेवटी एक घट्ट गठ्ठा उरतो. त्यातला जवळजवळ प्रत्येक जण प्रत्येकाशी बोललेला असतो."

"किती उरले?"

"एकोणीस. त्यातले अठरा किराणावाले. आश्रमशाळांना माल पुरवणारे. तपासणीच्या दिवशी सकाळी दोन तास यांचे आपसात नुसते फोनावर फोन. एरवी शुकशुकाट."

यादीतली निम्मी नावं रक्षाच्याच नात्यागोत्यातली होती. तिला लाज वाटली आणि रागही आला.

"आणि नारसिंग त्यांना कळवतो."

"नारसिंग पहिल्याच फेरीत गळाला. त्याचे सगळे फोन एकाच नंबरला जातात, बायकोला. ती नवापूरला दवाखान्यात आहे, सात महिने झाले."

व्हरांड्याकडे बघायचं रक्षाने टाळलं.

"मग एकोणिसावा कोण?" तिने विचारलं.

"तो किराणावाला नाही. पण पहिला फोन तिथूनच निघतो. दर खेपेला, सकाळी सातच्या सुमारास. तुम्ही ज्या गावाला जाणार असता, नेमका तिथल्याच दुकानदाराच्या घरी. मग तिथून सगळीकडे." मयंक अडखळला. "नंबर कोणाच्या नावावर आहे तेही मी काढलं. पण तुम्हीच बघा."

त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. रक्षाने आकडे वाचले. पुन्हा वाचले. मग पर्समधून मोबाइल काढून तिने तो नंबर लावला. आकडे दाबावे लागले नाहीत.

दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला.

"बोल बेटा," आई म्हणाली. "सकाय कोठे जानं शे, ते आजच सांगी दे. म्हंजे तठनी शेठाणीले मी फोन करी देस, बिगर कांदा-लसूनना सयपाक कर म्हनीसन."