रात्रभर घातली होती

“रात्रभर घातली होतीस?”

“हो गं आई, रात्रभर.”

“मग नीट बसत का नाही?”

युएत फाँगने चॉपस्टिकची जुडी कढत पाण्यात बुडवली आणि लेकीकडे, सिन यीकडे, तिरक्या नजरेने पाहिलं. अकरा वर्षांची पोर, पण ओठ घट्ट मिटून बसायला शिकली होती.

इपोह शहराच्या जुन्या बाजारात युएत फाँगचा नूडल्सचा गाडा होता. गिऱ्हाईक आधी तिच्या वाफाळत्या पातेल्याकडे बघायचं, मग नूडल्सकडे. चमचे, वाट्या, कप, सगळ्यांना गरम पाण्याची आंघोळ घातल्याशिवाय ती कुणाच्या तोंडाला लागू देत नसे. घरीही तेच.

पुढे आलेले दात मागे न्यायला सिन यीला गुलाबी प्लेट मिळाली होती, काढ-घाल करता येणारी. पहिली बिघडली. दुसरीही थोड्याच दिवसांत टाळ्याला बसेना. दवाखान्यात सिन यीला तिची आत्या न्यायची. तिनेच निरोप आणला, “डॉक्टर म्हणतात, पोर प्लेट घालत नसणार.”

झालं! युएत फाँगच्या मनात संशयाने घर केलं. शाळेच्या ढोलपथकातल्या मैत्रिणी हसत असणार, म्हणून ही काढून ठेवत असणार. एका रात्री तिने झोपलेल्या लेकीचे ओठ हळूच उचकटून पाहिले. प्लेट जागेवर होती. म्हणजे आई पाळत ठेवते हेही कार्टीला कळलंय तर!

सकाळी सिन यी प्लेट धुऊन ओट्यावरच्या डबीत ठेवायची आणि आंघोळीला जायची. एक दिवस डबी ओट्यावर दिसली नाही. उशीखाली सापडली.

“लपवतेस?”

“मीच धुते ना आई. तू नको हात लावूस.”

“तुझं धुणं माहितीये मला! तोंडात जाणारी वस्तू, आणि नुसतं गार पाणी दाखवतेस.”

हात लावू नको म्हणे. चोराच्या मनात चांदणं!

“या वेळी दवाखान्यात मी येते. तू खोटारडी निघालीस तर ढोल बंद. स्पर्धाबिर्धा विसर.”

सिन यीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ढोलपथकात नुकतीच तिला पहिल्या रांगेत जागा मिळाली होती.

दवाखान्याचं दार उघडंच होतं आणि बाहेरच्या बाकावर अर्धा बाजार बसला होता. समोरचा कॉफीवाला, कोंबडीवाल्याची बायको, सगळी गाड्यावरची गिऱ्हाइकं. डॉक्टर नोराइनींनी प्लेट उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

“ताई, मी उगाच पोरीवर शंका घेतली. प्लेट रोज घातलेली दिसतेय. पण ती वाकडी झालीय. हे कढत पाण्याचं काम. गार पाणी आणि मऊ ब्रश, असं मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. कोण बुडवतं हिला गरम पाण्यात?”

बाकावरची कुजबुज थांबली. लेक आंघोळीला गेली की रोज प्लेट कढत पाण्यात बुडवणारे आपले हात युएत फाँगने पाठीमागे नेले.

“मी,” सिन यी म्हणाली. “रोज. आई नको नको म्हणायची, तरी मीच बुडवायचे.”