सहभागाचे दहा गुण

"काकू, हात खाली. मुलांना बोलू द्या," अकाउंट्सचे सर रोज म्हणायचे. सेहेचाळिसाव्या वर्षी बी.कॉम.ला बसलेली मी मुकाट्याने हात खाली घ्यायचे. सत्राअखेर त्यांनी वर्गातल्या सहभागाला दहापैकी शून्य दिलं, त्यापायी मी नापास झाले. "तुमचा आवाजच ऐकला नाही कधी," म्हणाले.

पुढच्या सत्रात त्यांच्या तासाला तपासणी समिती येऊन बसली. सरांनी एक ऑक्टोबरला घेतलेल्या यंत्राचा मार्चअखेरचा घसारा, म्हणजे झिजेपोटीची वजावट, फळ्यावर पूर्ण वर्षाचा मांडला. मी हात वर केला. त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"सर, त्या ताईंना बोलू द्या ना," समितीतल्या बाई म्हणाल्या.

सरांना घाम फुटला. त्यांच्या हातातून खडू घेऊन मी घसारा सहा महिन्यांचा केला. मग त्यांच्या गेल्या सत्रातल्या चुकाही एकेक मांडल्या. घंटा झाली तरी खडू परत दिला नाही.